अण्णांबरोबर कॅलिफोर्निया : सालिनास ते सेल्मा

आई-अण्णा मे महिन्यात आले ते खरड छाटणी उरकून, आणि सप्टेंबरअखेर परत निघणार होते ते ऑक्टोबर छाटणी गाठायला. आमच्या तासगाव भागात अमेरिकावारीसुद्धा द्राक्षबागेच्या तारखा बघून ठरते. मधल्या साडेतीन महिन्यांत गोल्डन गेट झाला, लास वेगास झालं ("लाइटबिल कोण भरतंय?" एवढीच अण्णांची प्रतिक्रिया), पण निवांत गाडी काढून लांब जाणं राहिलं होतं. शेवटी लेबर डेची (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टी जोडून पाच दिवस काढले. बेत असा होता : सॅन होजेहून निघायचं, लेखक स्टाइनबेकचं सालिनास, माँटरे-कार्मेलचा समुद्र, मग हायवे एकवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला, आणि तिथून आत वळून सेक्वोयाची प्रचंड झाडं. वाटेत जमतील तेवढी जुनी मिशन चर्चेस.

आईची एकच अट होती. शनिवारी गणपती, म्हणजे मंगळवारी रात्री घरात पाऊल पडलं पाहिजे.

आम्ही पाचजण : मी, बायको, नऊ वर्षांची लेक, आई आणि अण्णा. सामानात आईनं एक वेगळी पिशवी केली होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, आणि घरच्या बेदाण्याची पाव किलोची दोन पाकिटं. या पिशवीचा विषय पुढं येणार आहे.

दिवस पहिला : पंजे, लेट्युस आणि लेखकाचं घर

सॅन होजेहून १०१ नंबरच्या रस्त्यानं तासाभरात सॅन हुआन बाउतिस्ता. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १७६९ ते १८२३ या काळात कॅलिफोर्नियात २१ मिशनं उभारली, त्यातलं हे १७९७ सालचं. जाड पांढऱ्या भिंती, लांबलचक कमानींचा व्हरांडा, समोर मोकळं मैदान. चर्चच्या एका अंगाला जमीन एकदम खाली उतरते, ती उतरण म्हणजे सॅन अँड्रियास भूभ्रंश. ज्या भेगेमुळे १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला तिच्या ऐन काठावर देऊळ बांधून बसलेत.

चर्चच्या जमिनीला भाजलेल्या मातीच्या फरशा आहेत. दोनशे वर्षांपूर्वी त्या ओल्या असताना उन्हात वाळत घातल्या होत्या, तेव्हा जनावरं त्यांवरून चालून गेली. त्यांचे पंजे अजून दिसतात. आईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, गौरीची पावलं!" लेक मग सगळ्या फरशा शोधत सुटली. एका दाराला खाली मांजरापुरतं गोल भोक आहे. उंदीर धरायला मांजराला रात्री ये-जा करता यावी म्हणून. इतक्या मिशनांतून माझ्या लेकीच्या लक्षात राहिलेली वास्तुकला एवढीच.

बाजूच्या दफनभूमीत इथले हजारो मूळ रहिवासी पुरलेले आहेत, बहुतेकांची नावं कुठंच कोरलेली नाहीत. बाप्तिस्मा झाला की त्यांना मिशन सोडून जाता येत नसे. शेती, गुरं, विटा सगळं त्यांच्याच हातचं, आणि बाहेरून आलेल्या रोगांनी ती माणसं भराभर मेली. कमानी बघून झाल्यावर तिथंही पाच मिनिटं थांबावं.

सालिनासच्या अलीकडं शेतं सुरू झाली आणि अण्णा खिडकीला चिकटले. रस्त्यालगत लेट्युसची काढणी चालली होती. ट्रॅक्टरमागं हळूहळू सरकणारा मोठा मचाण, पुढं वाकून गड्डे कापणारी माणसं, आणि तिथंच शेतात खोक्यांत भरून माल तयार. डोक्यापासून गळ्यापर्यंत कापड गुंडाळलेलं, त्यावर टोपी.

"थांबव गाडी."

थांबवली. दहा मिनिटं आई-अण्णा बांधावरून बघत होते. मला वाटलं अण्णा यंत्र बघतायत. ते बघत होते बांधाच्या कडेला गाडीला जोडून उभी केलेली दोन फिरती संडासं.

"हे रोज शेतात आणत्यात?"

"हो, कायदाच आहे."

आई एवढंच म्हणाली, "आपल्या ऊसतोडीच्या बायकांना आडोसा शोधत फिरावं लागतं." त्यानंतर बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

सालिनासमध्ये सेंट्रल अव्हेन्यूवर १३२ नंबरचं जुनं लाकडी घर आहे. जॉन स्टाइनबेक या घरात १९०२ साली जन्मला. आता तिथं दुपारचं जेवण मिळतं. स्वयंसेवक चालवतात, वाढणाऱ्या बहुतेक आज्याच. आमच्या टेबलावर आलेल्या आजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. आईनं 'नो मीट, नो फिश, नो एग' असं तीन बोटं मोडून सांगितल्यावर त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत जाऊन खास चौकशी करून आल्या. सूप, सॅलड, गरम पाव. सॅलडमधला लेट्युस मघाच्या शेतातला असेल का, यावर चर्चा झाली.

"ह्यो लेखक कशावर लिहायचा?" अण्णांनी विचारलं. मी 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'चं नाव घेतलं आणि फसलो. ग्रेप्स म्हटल्यावर त्यांना वाटलं, द्राक्षावरचं पुस्तक. मग सूप गार होईपर्यंत गोष्ट सांगितली. ओक्लाहोमातले शेतकरी, धुळीची वादळं, पिकं गेली, बँकेनं जमिनी घेतल्या, बिऱ्हाड मोटारीवर लादून हजारो कुटुंबं कॅलिफोर्नियात फळं तोडायला आली आणि इथं त्यांना कुणी माणूस म्हणून वागवलं नाही.

"म्हंजे टोळी," अण्णा म्हणाले. "बीडची टोळी येती तशी. फक्त मुकादम गोरा."

१९३९ साली पुस्तक आलं तेव्हा बागायतदार इतके चिडले की खुद्द सालिनासमध्ये त्याच्या प्रती जाळल्या. पुढं १९६२ ला नोबेल मिळालं. हे सांगितल्यावर अण्णांनी जेवणघरावरून नजर फिरवली. "आणि आता त्याच्या घरात सूप विकत्यात."

गावातच मेन स्ट्रीटच्या टोकाला नॅशनल स्टाइनबेक सेंटर आहे. १९६० साली तो कुत्र्याला घेऊन अख्खी अमेरिका फिरला ती हिरवी गाडी तिथं ठेवली आहे. पिकअप ट्रकवर छोटंसं घर बसवलेलं, नाव 'रोसिनान्ते', डॉन किहोतेच्या घोड्यावरून. अण्णांच्या मते हा सरळसरळ छोटा हत्ती, मागं टपरी चढवलेला.

(या घरात फक्त दुपारचं जेवण असतं, तेही रोज नाही. दिवस-वेळ बघून आणि जागा राखूनच जा. सेंटरला दीड तास पुरतो.)

तिथून जरा वाकडी वाट करून कॅस्ट्रोव्हिल. आर्टिचोक या भाजीचं गाव. तळलेले आर्टिचोक खाल्ले. वरून कुरकुरीत, आत मऊ. आईनं कच्चा एक हातात घेऊन उलटसुलट केला आणि "केळफुलासारखं निसायचं असणार" असा निर्णय देऊन दोन विकत घेतले. ते पाच दिवस आमच्याबरोबर फिरले.

संध्याकाळी माँटरेची कॅनरी रो. एकेकाळी या रस्त्यावर सार्डिन मासे डब्यात भरण्याचे कारखाने ओळीनं होते. १९४० च्या दशकाअखेर मासाच गायब झाला, कारखाने बंद पडले. रस्त्याचं मूळ नाव ओशन व्ह्यू अव्हेन्यू. स्टाइनबेकच्या कादंबरीनंतर १९५८ साली रस्त्यालाच कादंबरीचं नाव दिलं. आता तिथं टॉफी आणि टी-शर्ट आहेत. सगळ्या झगमगाटात ८०० नंबरचं एक साधं, रंग विटलेलं लाकडी घर मात्र आहे. ती एड रिकेट्स या सागरी जीवशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा. स्टाइनबेकचा जिवलग मित्र, कादंबरीतल्या 'डॉक'चं मूळ. १९४८ मध्ये जवळच्याच रेल्वे फाटकावर त्याच्या मोटारीला गाडीनं उडवलं. रूळ आता गेलेत, त्यांच्या जागी चालायचा रस्ता आहे.

त्या रस्त्यावरून खाली पाण्यात आम्हाला पहिलं सागरी ऊदमांजर दिसलं. केल्प या समुद्री शेवाळाच्या तपकिरी पट्ट्यात स्वतःला गुंडाळून उताणं तरंगत होतं, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटत होतं. "खलबत्ता घेऊनच जन्मलंय," आई म्हणाली. मत्स्यालयाची महागडी तिकिटं दुसऱ्या कुणाच्या तरी सुट्टीसाठी ठेवून आम्ही अंधार पडेपर्यंत तेच बघत बसलो. अंगात स्वेटर, अण्णांना माकडटोपी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात!

दिवस दुसरा : कार्मेल, आणि बंद रस्ता

सकाळी कार्मेल मिशन. हुनीपेरो सेरा या पाद्र्यानं १७७० मध्ये माँटरेला मिशन काढलं आणि पुढच्याच वर्षी इथं हलवलं. आज दिसतं ते दगडी चर्च १७९७ चं. सेरा १७८४ मध्ये वारला, त्याला इथंच वेदीपाशी पुरलंय. दर्शनी भिंतीवर एक ताऱ्याच्या आकाराची खिडकी आहे, जराशी तिरकी. मधल्या काळात हे छप्पर पडून उघड्यावर होतं. १९३१ पासून हॅरी डाउनी नावाच्या कारागिरानं जन्मभर खपून ते पुन्हा उभं केलं. आतून बघताना जुन्या गोव्याची आठवण येतेच. तिथंही फ्रान्सिस्कन होते. पण गोव्याची चर्चेस उंचीनं दडपून टाकतात. इथलं छत जवळ वाटतं.

२०१५ मध्ये पोपनी सेराला संतपद दिलं, त्यावर इथल्या मूळ जमातींनी कडाडून आक्षेप घेतला होता. बाहेरच्या दफनभूमीत साध्या थडग्यांभोवती अॅबलोनीचे मोठे शिंपले लावलेत, आतून मोरपंखी चमकणारे. अण्णा तिथं टोपी काढून उभे राहिले.

बागेत द्राक्षाचा एक वेल दिसला. या मुलखात द्राक्ष आणलं ते या पाद्र्यांनीच, मिस्सेच्या वाइनसाठी. 'मिशन' नावाचीच जात आहे. अण्णांनी पान उलटं करून बघितलं. "भुरी आलीया." कार्मेलबद्दलचं त्यांचं हे शेवटचं मत.

इथं कवी रॉबिन्सन जेफर्सचं टॉर हाउस आहे. शेजारचा 'हॉक टॉवर' त्यानं किनाऱ्यावरचे दगड स्वतः ओढून आणून १९२० ते १९२४ या चार वर्षांत एकट्यानं रचला. आत जायला आधी नोंदणी लागते, ती आमची नव्हती. बाहेरूनच बघितला. लेकीनं विचारलं, "मग कविता कधी लिहायचा?" माझ्या माहितीप्रमाणे सकाळी कविता आणि दुपारी दगड.

आता हायवे एक. कार्मेल सोडलं आणि धुकं आलं, आंबोलीच्या घाटात येतं तसं, एका वळणावर पांढरं आणि पुढच्या वळणावर लख्ख. उजवीकडं खाली समुद्र, रंग कधी शाईचा, कधी काचेच्या बाटलीचा. बिक्सबी पूल १९३२ चा. ७१४ फूट लांब, २८० फूट उंच, एकाच कमानीवर. रस्ता पूर्ण व्हायला मात्र १९३७ उजाडलं, आणि तो फोडायला सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी आणले होते. शनिवार होता, पुलापाशी गाडी लावायला जागा नाही आणि लोक रस्त्याच्या मधोमध सेल्फी काढतायत. पुढच्या थांब्यावर जा, तिथून वळून बघा. पूल तोच दिसतो, शिव्या कमी खाव्या लागतात.

पुढं फायफर बिग सर उद्यानात कोस्ट रेडवुडच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. हे सडपातळ, उंच रेडवुड. याच जातीतलं उत्तरेकडचं एक झाड ११५ मीटरच्या वर आहे, जगात सगळ्यात उंच. पाऊस नसलेला अख्खा उन्हाळा ही झाडं समुद्राच्या धुक्यावर काढतात. पानांवर धुकं साचतं आणि थेंबथेंब मुळाशी पडतं.

"ठिबक," अण्णा म्हणाले.

तिथंच कळलं की पुढं दरड कोसळलीय आणि दक्षिणेकडं जाणारा रस्ता बंद आहे. कळलं म्हणजे, मला ते आठवडाभर आधी बघता आलं असतं. बिग सरमध्ये मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कार्मेल सोडण्याआधीच कॅलट्रान्स या रस्तेखात्याचं क्विकमॅप बघून घ्या. या रस्त्याचा कुठला ना कुठला तुकडा पावसाळ्यानंतर खचलेला असतो, आणि तो उघडायला कधी कधी वर्ष लागतं. दक्षिणेकडचे एलिफंट सील वगैरे सगळं रद्द.

मी हिरमुसलो. बायकोनं "बघून निघायला काय होतं?" हे वाक्य फक्त डोळ्यांनी म्हटलं. अण्णा खुशीत. "म्हंजे हितंबी वरंध घाट हाय की!"

आल्या वाटेनं परत. कार्मेलच्या पांढऱ्या वाळूवर सूर्यास्त मिळाला, रत्नागिरीसारखा थेट पाण्यात. आईनं समुद्राला नमस्कार करून पायावर लाट घेतली आणि किंचाळून मागं आली. पाणी तेरा-चौदा डिग्री असतं. पोहायचे कपडे न्यायची गरज नाही.

दिवस तिसरा : तमाले, कालवा, चाळीस डिग्री

बंद रस्त्यामुळे १०१ नं खाली जावं लागलं, आणि म्हणूनच सॅन मिगेल मिळालं. माझ्या मते सगळ्या मिशनांत हे पहिल्या नंबरचं. स्थापना १७९७. आतल्या भिंतींवरची चित्रं १८२० च्या सुमाराला सालिनान जमातीच्या लोकांनी रंगवली, आणि नंतर त्यांवर कुणी हात फिरवलेला नाही. निळे-गुलाबी खांब, पडदे, शिंपले, सगळं सपाट भिंतीवर काढलेलं. वेदीच्या वर किरणांमधून बघणारा एक मोठा डोळा. २००३ च्या डिसेंबरातल्या भूकंपात भिंतींना तडे गेले, चर्च २००९ पर्यंत बंद होतं.

रविवार होता. स्पॅनिशमध्ये मिस्सा चालली होती. आई डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसली ती संपेपर्यंत उठली नाही. "काय कळलं?" विचारलं तर म्हणाली, "चाल कळली."

बाहेर एक मावशी तमाले विकत होत्या. मक्याचं पीठ मक्याच्याच सालपटात गुंडाळून वाफवलेलं. शाकाहारी मंडळींनी नीट विचारावं, पिठात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. मावशींकडं एक गोड, गुलाबी प्रकार होता, तो तेलातला निघाला. आईनं सालपट सोललं. "ही तर पातोळी." अण्णांनी पहिल्याच घासाला थांबून आतून काहीतरी काढून बोटावर धरलं. बेदाणा. काळपट. चावून बघितला.

"उन्हात वाळवलाय. सावलीतला न्हाई."

पासो रोब्लेसहून ४६ आणि ४१ नंबर धरून पूर्वेला. वाटेतल्या चोलामेला १९५५ मध्ये नट जेम्स डीन अपघातात गेला, तिथं स्मारक आहे. माझ्याशिवाय कुणालाच रस नव्हता, मीही फार ताणलं नाही. टेकड्या उतरल्यावर गाडीच्या काट्यावर १०४ फॅरनहाइट दिसायला लागलं. सकाळचा स्वेटर आणि दुपारचे ४० डिग्री एकाच बॅगेत लागतात, हे लक्षात ठेवा.

केटलमन सिटीजवळ कॅलिफोर्निया अॅक्वेडक्ट लागतो. उत्तरेचं पाणी दक्षिणेला नेणारा सिमेंटचा कालवा, सरळ रेषेत, काठोकाठ भरलेला. भोवती पिस्ते, बदाम, आणि कालव्याचं पाणी न मिळालेली पिवळी जमीन. रस्त्याकडेला पाण्यावरून राजकारण्यांना हाणणाऱ्या पाट्या. अण्णांना भाषांतराची गरज लागली नाही. मी सांगितलं की हेच पाणी पुढं दक्षिणेला टेहाचापी डोंगरावरून जवळजवळ २,००० फूट उचलतात.

"टेंभूच्या उपसा योजनेपेक्षा जास्त?" ते जरा दुखावल्यासारखे झाले.

व्हायसेलियात खोलीतला एसी बंद, बदलून दिलेल्या खोलीतलाही बंद. रात्री अकराला दुसरं हॉटेल शोधलं. बाकी काही नाही.

दिवस चौथा : उभी केलेली विहीर

थ्री रिव्हर्समध्ये पेट्रोलची टाकी भरून घ्या, सेक्वोया उद्यानात पंप नाही. प्रवेशद्वारापासून जनरल्स हायवे सुरू होतो आणि तासाभरात १,७०० फुटांवरून ६,४०० फुटांवर नेतो. वळणं आपल्या घाटांना लाजवतील अशी. आईला ओवा, लेकीला लिंबाची गोळी. गाडी २२ फुटांपेक्षा लांब असेल तर या बाजूनं आणू नका.

'जायंट फॉरेस्ट' हे नाव निसर्गलेखक जॉन म्यूरनं १८७५ मध्ये दिलं. पहिलं मोठं झाड एका वळणावर अचानक रस्त्याला खेटून आलं, दालचिनीच्या रंगाचं. गाडीतलं बोलणं मध्येच तुटलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. हे नवीन होतं.

जनरल शर्मन ट्रीकडं वरच्या पार्किंगपासून अर्धा मैल उतार आहे, पायऱ्यांचा. उतरताना सोपं वाटतं, पण आपण सात हजार फुटांवर आहोत हे परतताना छातीला कळतं. ज्येष्ठ बरोबर असतील तर उन्हाळ्यात फुकट शटल असते. वरून चालत उतरा आणि खालच्या थांब्यावरून शटलनं परत या. आम्ही तेच केलं.

शर्मन हे घनफळानं जगातलं सगळ्यात मोठं झाड. उंची २७५ फूट, बुंध्याशी घेर सुमारे १०३ फूट, जास्तीत जास्त जाडी ३६ फूट. वय साधारण २,२०० वर्षं. म्हणजे आपल्याकडं सातवाहनांचा उदय होत होता तेव्हा हे रोप होतं. आकडे मी पाटीवरून वाचत होतो. अण्णा मान मागं टाकून बघत होते, मग खाली बुंध्याकडं, मग परत वर.

"छत्तीस फूट म्हंजे आपली विहीर. आणि पावणेतीनशे फूट म्हंजे दुसरं बोअर मारलं तेवढं." थोडं थांबून, "विहीर उभी केली तर एवढी हुईल."

मी या झाडाबद्दल बरंच वाचलेलं आहे. याहून नेमकं काही वाचलेलं नाही. (दुसऱ्या बोअरला पाणी लागलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही.)

या झाडाला १८८० च्या दशकात आलेल्या कवेआ कॉलनी नावाच्या समाजवादी वसाहतीनं 'कार्ल मार्क्स ट्री' म्हटलं होतं, अशी गोष्ट सांगतात. लाकूड तोडून स्वप्ननगरी उभारायचा त्यांचा बेत होता. १८९० मध्ये सरकारनं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं, कॉलनी मोडली, नाव सेनापतीचं राहिलं.

बुंध्यांवर काळे डाग आहेत, काही झाडं आतून जळून गुहेसारखी झालेली, तरी वर हिरवी. सेक्वोयाची साल दोन फुटांपर्यंत जाड असते, सहसा पेट घेत नाही. कोंबडीच्या अंड्याएवढं याचं फळ वर्षानुवर्षं मिटून राहतं. वणव्याची धग लागली की उकलतं आणि ओट्सच्या पोह्याएवढ्या बिया राखेत पडतात. म्हणून उद्यानवाले स्वतःच ठरवून, मोजून जंगल पेटवतात. मात्र २०२० आणि २०२१ च्या वणव्यांनी हिशेब बिघडवला. हजारो मोठी झाडं मेली, आणि शर्मनच्या बुंध्याला विस्तवापासून वाचवायला चक्क चमकती फॉइल गुंडाळली होती.

"आपल्याकडं पाचट पेटवलं की कृषी सहायक बोंबलतो," अण्णा म्हणाले, "हितं सरकारच काडी लावतंय." मग त्यांना कारण नीट समजून घ्यायचं होतं. तिथल्या रेंजर बाईंना त्यांनी माझ्यामार्फत सात प्रश्न विचारले. पाच बियांबद्दल, एक पगाराबद्दल. सातवा, हे झाड सातशे मिलिमीटर पावसावर येईल का. त्या बाई हसल्या नाहीत. इथं या झाडांना मुख्यतः बर्फाचं पाणी लागतं, हिवाळ्याचा बर्फ उन्हाळाभर जमिनीत मुरत राहतो, असं त्यांनी समजावलं. अण्णांनी हातातलं फळ जिथून उचललं तिथं परत ठेवलं. न्यायला बंदीच आहे.

रात्री उद्यानातल्याच लॉजवर मुक्काम. आणि आता ती पिशवी. इथं अस्वलं गाडीची काच फोडतात, म्हणून वास येणारी कुठलीही वस्तू गाडीत ठेवायची नाही. पार्किंगमध्ये लोखंडी पेट्या असतात, त्यात टाकायची. कर्मचाऱ्यानं यादी सांगितली : खाणं, साबण, टूथपेस्ट, अत्तर. आईनं पिशवीतून एकेक काढायला सुरुवात केली. चटणी, मेतकूट, भाजणी, अमृतांजन, दोन आर्टिचोक, आणि शेवटी उदबत्तीचा पुडा. तो बिचारा वास घेऊन बघत होता. "धिस ऑल्सो?" आईनं विचारलं. त्यानं गंभीरपणे मान हलवली. अण्णांनी मात्र बेदाण्याचं एक पाकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि खोलीत घेऊन गेले.

पहाटे थंडीत आम्ही दोघंच बाहेर आलो. इतके तारे मी तासगाव सोडल्यापासून बघितले नव्हते. अण्णा म्हणाले, आता तासगावातपण दिसत नाहीत.

दिवस पाचवा : सेल्मा

ग्रँट ग्रोव्हमधलं जनरल ग्रँट ट्री बघून १८० नंबरनं फ्रेस्नोकडं उतरलो. लेखक विल्यम सरोयान १९०८ मध्ये याच फ्रेस्नोत जन्मला, आर्मेनियन स्थलांतरितांच्या घरात. त्याच्या मनात कायम या द्राक्षमळ्यांचाच वास. त्याच्या इच्छेप्रमाणे अर्धी रक्षा इथं आणि अर्धी आर्मेनियात आहे. घराचं आता संग्रहालय केलंय, पण अण्णांना लेखक पुरे झाले होते. त्यांना सेल्मा बघायचं होतं, 'रेझिन कॅपिटल ऑफ द वर्ल्ड' म्हणवून घेणारं गाव. ही सहल मी आखली होती खरी, पण सगळी वळणं इथं यायलाच घेतली होती असं आता वाटतं.

फ्रेस्नोहून ९९ नं दक्षिणेला अर्ध्या तासाच्या आत. गावाबाहेर एका आडरस्त्यावर दोन्ही बाजूंना बागा, आणि ओळींच्या मधे जमिनीवर कागदाचे ताव अंथरलेले. त्यावर द्राक्षाचे घड, काही अजून हिरवे, काही जांभळट, काही सुरकुतलेले. ना शेड, ना जाळी, ना रॅक. उघड्या उन्हात, मातीवर. अण्णा उतरून ओळीच्या टोकाला उकिडवे बसले.

"थॉमसनच हाय," ते म्हणाले. आमच्या बागेतली जात हीच, तास-ए-गणेश हा तिचाच आपल्याकडं निवडलेला भाऊ. विल्यम थॉमसन नावाच्या माणसानं १८७० च्या दशकात ती याच कॅलिफोर्नियात नावारूपाला आणली. अण्णा चाळीस वर्षं हे नाव घेतायत. तो माणूस होता हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मागून एक पिकअप आला. आता ओरडा बसणार, असं मला वाटलं. खाली उतरले ते साठीतले सरदारजी. या भागात पंजाबी बागायतदार खूप आहेत. अण्णांनी हात जोडले, "सत श्री अकाल," आणि लगेच, "हमारा भी अंगूर है. सांगली, महाराष्ट्र. छे एकर."

पुढचा दीड तास माझी दुभाष्याची नोकरी गेली. सरदारजी सांगत होते : हिवाळ्यात वेल झोपतो तेव्हा एकच छाटणी, ऑगस्टअखेर तोडणी, कागदावर दोन-तीन आठवडे ऊन, मग कागद गुंडाळून ठेवायचा. सगळी भीती सप्टेंबरच्या पावसाची. मजूर मिळत नाहीत. शेजाऱ्यांनी वेल उपटून बदाम लावले. काहीजण आता घड वेलीवरच वाळवून यंत्रानं काढतात. अण्णा सांगत होते : आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या. अवकाळीचा मार तोच, मजुरांची बोंब तीच. उधारीचा विषय निघाल्यावर दोघंही एकदम जोरात बोलायला लागले.

"चार किलो का एक किलो निकलता है," सरदारजी म्हणत असतानाच अण्णांच्या तोंडून "चाराला एक" बाहेर पडलं.

मग अण्णांनी खिशातलं पाकीट काढलं. घरचा बेदाणा, लांबट, हिरवा. सरदारजींनी दोन दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले. "हरा कैसे रहा?" पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचं, शेडमधे जाळीवर सावलीत पंधरा दिवस, हे अण्णांनी हातवारे करून सांगितलं. सरदारजींनी चावला, पुन्हा एक घेतला, आणि आत फोन करून बायकोला बाहेर बोलावलं. चहा झाला. पाकीट तिथंच राहिलं. बदल्यात पाच किलोचं खोकं आमच्या गाडीत आलं, काळा, उन्हाचा, थोडी माती लागलेला माल.

(अशा बागांत न विचारता शिरू नका. आम्ही रस्त्याच्या कडेला होतो आणि आमचं नशीब चांगलं होतं.)

परतीला पाचेको खिंड ओलांडून गिलरॉयजवळ आलो तेव्हा काच थोडी उघडी होती. हे लसणाचं गाव. आई झोपेतून दचकून उठली, "फोडणी कुणी दिली?" रात्री साडेनऊला घरी. आर्टिचोक तोवर वाळून गेले होते.

शनिवारी गणपती बसला. खिरापतीला खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि पाचवा ख म्हणून खिसमिस. आईनं दुसरं पाकीट फोडलं, पण माणसं पंधरा येणार होती आणि ते पुरणार नव्हतं. मग सेल्माचे धुऊन, पुसून त्यात मिसळले. आरती झाल्यावर लेकीनं मला खुणावलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा वाटी घेऊन बसले होते आणि काळे तेवढे वेचून खात होते.